९ लाखांचे पॅकेज आणि हातात येणारे ५७ हजार

नोकरी लागली की घरचे, शेजारचे आणि मित्रमंडळी एकच प्रश्न विचारतात: पॅकेज किती? त्याला दिले जाणारे उत्तर बहुतेक वेळा सीटीसीचे, म्हणजे 'कॉस्ट टू कंपनी'चे असते, आणि सीटीसी म्हणजे पगार नव्हे. एका कर्मचाऱ्यापोटी कंपनी वर्षभरात जो एकूण खर्च गृहीत धरते, त्याची ती बेरीज असते. त्यात दरमहा बँकेत जमा होणारी रक्कम असते, तशीच कंपनीने भरायची भविष्य निर्वाह निधीची (पीएफची) वर्गणी, दीर्घ सेवेनंतरच मिळणारी आणि म्हणून कदाचित कधीच हाती न येणारी ग्रॅच्युइटी, गटविम्याचा हप्ता आणि कामगिरीवर अवलंबून असलेला व्हेरिएबल भागही असतो. पोत्यासकट तोललेल्या धान्याचे वजन जितपत खरे, तितपतच हा आकडा खरा. मुलाखतीतले डावपेच शिकवणारे सल्ले भरपूर मिळतात. परंतु ऑफर लेटरसोबत येणारा पगाराचा तक्ता, ज्याला नोकरीच्या बाजारात 'ब्रेकअप' म्हणतात, तो वाचता येत असेल तर पगाराची अपेक्षा सांगण्यापासून राजीनाम्यापर्यंतची बरीच बोलणी सोपी होतात, असे माझे मत आहे.

पुण्यातल्या एखाद्या आयटी कंपनीने तीन-चार वर्षांच्या अनुभवाच्या उमेदवाराला ९,००,००० रुपयांची ऑफर दिली आहे, असे उदाहरण घेऊ. बारांनी भागले की महिन्याला ७५,००० येतात, आणि उमेदवार मनातल्या मनात घरभाडे व गाडीचा हप्ता त्याच आकड्यावर बसवतो. आता तक्ता पाहू. मूळ वेतन, म्हणजे बेसिक, महिना ३२,००० आहे. त्याच्या १२ टक्के दराने कंपनीची पीएफ वर्गणी वर्षाला ४६,०८० होते. ग्रॅच्युइटीपोटी मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के, म्हणजे सुमारे १८,४७० रुपये दाखवले आहेत. गटविम्याचे १२,००० आणि व्हेरिएबलचे ९०,००० धरले, तर या चार बाबींची बेरीज १,६६,५५० रुपये होते. उरलेल्या ७,३३,४५० रुपयांतून मूळ वेतन, घरभाडे भत्ता आणि विशेष भत्ता मिळून महिन्याचा ग्रॉस पगार साधारण ६१,१२० होतो. त्यातून कर्मचाऱ्याची स्वतःची पीएफ वर्गणी ३,८४० आणि महाराष्ट्रातला व्यवसाय कर २०० वजा झाला, की हातात ५७,०८० रुपये राहतात. (व्यवसाय कर फेब्रुवारीत ३०० असतो, कारण वर्षाची २,५०० ही मर्यादा राज्यघटनेनेच घातली आहे आणि दोनशेचे अकरा हप्ते त्या बेरजेला तीनशेने कमी पडतात.) आयकर या उदाहरणात शून्य आहे. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत ७५,००० रुपयांच्या प्रमाणित वजावटीनंतर १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर पूर्ण सवलत मिळते. त्यामुळे दुसरे उत्पन्न नसलेल्या पगारदाराला १२ लाख ७५ हजारांपर्यंत कर भरावा लागत नाही.

पंचाहत्तर आणि सत्तावन्न यांच्यामधले अठरा हजार कोणी लुबाडलेले नाहीत, हे आधी समजून घ्यावे. त्यांतला काही भाग आपलाच असून तो उशिरा मिळणार आहे, काही भाग अटींवर मिळणार आहे आणि थोडा भाग कर व विमा यांवर खर्च होणार आहे. यातला कोणता पैसा कोणत्या प्रकारचा आहे, हे ओळखणे म्हणजेच ऑफर वाचणे होय.

पीएफचेच पाहा. कायद्याने पीएफसाठीची वेतनमर्यादा सप्टेंबर २०१४ पासून १५,००० रुपये आहे, आणि मूळ वेतन त्याहून जास्त असले तरी कंपनी वर्गणी १५,००० वरच, म्हणजे महिना १,८०० रुपयांपुरती ठेवू शकते. वरच्या उदाहरणात कंपनीने हा पर्याय दिला आणि उमेदवाराने तो घेतला, तर कंपनीच्या वर्गणीतले वाचलेले २,०४० रुपये विशेष भत्त्यात जातात, स्वतःची कपातही तितकीच घटते आणि हातातला पगार ५७,०८० ऐवजी ६१,१६० होतो. सीटीसी तीच, पद तेच, कंपनीही तीच. महिन्याला ४,०८० रुपयांचा फरक केवळ एका रकान्यामुळे पडतो. म्हणून दोन कंपन्यांच्या ऑफरची तुलना 'इन हँड' आकड्यावरून करणे हे सीटीसीवरून करण्याइतकेच फसवे आहे. हाताला जास्त लागले, पण निवृत्तीच्या खात्यात कमी पडले, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. हा पर्याय बहुधा रुजू होतानाच विचारला जातो आणि एकदा पूर्ण मूळ वेतनावर कपात सुरू झाली की ती कमी करून घेणे सहसा जमत नाही. त्यामुळे त्या दिवशी पुढ्यात येणाऱ्या अर्जांच्या गठ्ठ्यातला पीएफचा कागद तरी घाईने सही करून देऊ नये.

मूळ वेतनाच्या बाबतीत अलीकडे मोठा बदल झाला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या आणि त्यांत 'वेतन' या संज्ञेची व्याख्या एकसारखी करण्यात आली. घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता यांसारख्या वगळलेल्या घटकांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली, तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. मूळ वेतन तीस-पस्तीस टक्क्यांवर ठेवून बाकी सारे भत्त्यांत दाखवण्याच्या जुन्या रिवाजाला त्यामुळे फारसा अर्थ उरलेला नाही. ग्रॅच्युइटीचा हिशेब या वेतनावर होत असल्याने ती वाढते. मात्र जिथे पीएफची वर्गणी १५,००० च्या मर्यादेवरच भरली जाते, तिथे या व्याख्येमुळे हातातला पगार आपोआप कमी होत नाही.

ग्रॅच्युइटी सीटीसीत दाखवण्याची पद्धत मला स्वतःला पटत नाही. कायम कर्मचाऱ्याला ती सामान्यतः सलग पाच वर्षे सेवा झाल्यावरच मिळते. प्रत्येक पूर्ण वर्षामागे शेवटच्या वेतनाचे पंधरा दिवस, आणि महिन्याचे दिवस सव्वीस धरून, असा तिचा हिशेब असतो. जिथे माणसे दोन-अडीच वर्षांनी कंपनी बदलतात, तिथे बहुतेकांच्या बाबतीत हे १८ हजार कागदावरच राहतात. नव्या संहितेनुसार ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्या कर्मचाऱ्याला एक वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. त्यामुळे कंत्राटी ऑफर हातात असेल, तर ती थेट मुदतीच्या करारावर आहे की एखाद्या पुरवठादार कंपनीमार्फत आहे, हे विचारून घेणे फायद्याचे ठरते.

व्हेरिएबलबाबत एकच प्रश्न विचारावा, पण तो नेमका विचारावा: गेल्या दोन वर्षांत या ग्रेडच्या लोकांना प्रत्यक्षात किती टक्के मिळाले? 'शंभर टक्क्यांपर्यंत मिळू शकते' हे त्याचे उत्तर नव्हे. अनेक ठिकाणी ही रक्कम दोन गुणकांनी ठरते. एक कंपनीच्या किंवा विभागाच्या निकालाचा आणि दुसरा वैयक्तिक रेटिंगचा. कंपनीचा गुणक ०.८ आणि रेटिंगचा ०.९ असेल, तर ९०,००० चे ६४,८०० होतात. शिवाय रक्कम वाटपाच्या दिवशी तुम्ही कंपनीत असणे आवश्यक आहे आणि राजीनामा दिलेला नसावा, अशी अट बहुधा असतेच. फेब्रुवारीत राजीनामा देणाऱ्याचे एप्रिलमधले पैसे बुडतात, ते याच ओळीमुळे.

जॉइनिंग बोनसचाही असाच एक कोपरा आहे. एक वर्षाच्या आत नोकरी सोडली तर बोनस परत करावा लागेल, ही अट सर्वांना ठाऊक असते. किती परत करायचा, हे मात्र क्वचितच कोणी वाचते. तीस टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्या माणसाला दोन लाखांच्या बोनसवर उपकरासह ३१.२ टक्के कर कापून १,३७,६०० रुपये मिळतात, आणि वर्षाच्या आत सोडल्यास पत्रातल्या शब्दांनुसार त्याच्याकडून पूर्ण दोन लाख मागितले जाऊ शकतात. परतफेड कर वजा जाता हाती आलेल्या रकमेची की मूळ रकमेची, आणि मधल्या काळात जितके महिने काम झाले तितक्या प्रमाणात ती कमी होणार का, हे स्वीकृतीपूर्वी ईमेलवर विचारून घ्यावे.

आता मुलाखतीकडे वळू. तांत्रिक फेऱ्यांची तयारी ज्याची त्याने करावी, त्यात सांगण्यासारखे सर्वसाधारण असे फार थोडे आहे. पगाराची खरी बोलणी मात्र शेवटच्या एचआर (मनुष्यबळ विभाग) राउंडमध्ये सुरू होतात, हा गैरसमज आहे. ती पहिल्या फोनवरच सुरू होतात. करंट सीटीसी किती, अपेक्षा किती आणि नोटीस पिरियड किती, हे तीन प्रश्न भरती करणारी व्यक्ती पहिल्या पाच मिनिटांत विचारते आणि उत्तरे तिच्या शीटमध्ये भरली जातात. पुढे जेव्हा ऑफर बनते, तेव्हा तोच आकडा आधार धरला जातो. अमेरिकेत कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत जुना पगार विचारण्यास कायद्याने बंदी आहे. आपल्याकडे तशी बंदी नाही, आणि सॅलरी स्लिप मागण्याचा प्रघातही पक्का आहे. तेव्हा आकडा फुगवून सांगण्यात शहाणपण नाही. पडताळणीच्या वेळी स्लिपा, फॉर्म १६ (पगार आणि कापलेल्या कराचा कंपनीने दिलेला दाखला) आणि यूएएनच्या, म्हणजे पीएफ सदस्याच्या कायम क्रमांकाच्या नोंदींतल्या नोकरीच्या तारखा समोर येतात, आणि रुजू झाल्यानंतरही खोट्या माहितीवरून नोकरी जाऊ शकते.

फुगवायचे नाही, पण कोणत्या भाषेत सांगायचे हे आपल्या हातात असते. 'सध्या माझा फिक्स साडेसहा लाख आहे, व्हेरिएबल सत्तर हजार वेगळे, आणि पीएफ पूर्ण बेसिकवर कापला जातो. या जबाबदारीसाठी मी फिक्समध्ये साडेआठच्या आसपास पाहतो आहे, बाकी ब्रेकअप पाहून बोलता येईल,' असे उत्तर दिले, की समोरच्यालाही फिक्सच्या भाषेतच बोलावे लागते. 'तुमच्या पॉलिसीप्रमाणे द्या' हे उत्तर नम्रतेचे वाटते, पण त्यातून शीटमध्ये काहीच जात नाही आणि मग जुन्या पगारावर ठरावीक टक्के हाईक लावून मोकळे होणे त्यांना सोपे पडते. आपल्याकडे पैशांबद्दल उघड बोलणे अवघड वाटते हे खरे आहे. तरी समोर बसलेली व्यक्ती दिवसभर हेच बोलत असते आणि तिला त्यात वावगे काही वाटत नाही.

घासाघीस कुठे करावी यालाही काही मर्यादा असतात. प्रत्येक पदाला एक ग्रेड आणि त्या ग्रेडला पगाराचा पट्टा ठरलेला असतो. तो एचआरमधली व्यक्ती आपल्या अधिकारात सहसा ओलांडू शकत नाही. जॉइनिंग बोनस, जुन्या कंपनीची नोटीस विकत घेण्याचा खर्च, दुसऱ्या शहरातून येणाऱ्याचा स्थलांतर खर्च, रुजू होण्याची तारीख यांवर मात्र तिला बऱ्याचदा मोकळीक असते. तुम्ही पट्ट्याच्या वरच्या टोकाला पोहोचला असाल, तर आणखी पन्नास हजारांसाठी ताणून धरण्यापेक्षा एक ग्रेड वरचे पद मागणे जास्त फलदायी असते, कारण पुढच्या प्रत्येक वाढीचा पाया तिथेच ठरतो. प्रत्यक्ष घासाघीस करण्याची वेळ मात्र एकच: निवड कळल्यानंतर आणि ऑफर स्वीकारण्यापूर्वी. लेखी ऑफर हातात आल्याखेरीज जुन्या नोकरीचा राजीनामा देऊ नये, मग फोनवरून कितीही खात्री दिलेली असो. आणि लॅपटॉपची अनामत, प्रशिक्षण शुल्क किंवा नोंदणी फी म्हणून उमेदवाराकडेच पैसे मागितले गेले, तर तिथे पुढचे काही वाचण्याचीही गरज नाही.

मुलाखतीत विवाहित किंवा लग्नाच्या वयाच्या मुलींना 'पुढचा विचार काय' असे आडवळणाने विचारले जाते, हे सांगायला नको. वेतन संहितेने एकाच प्रकारच्या कामासाठी भरती करताना लिंगावरून भेदभाव करण्यास मनाई केली आहे. अर्थात समोर बसून कलमे ऐकवण्यापेक्षा 'या पदासाठी लागणारा वेळ आणि प्रवास मला शक्य आहे' एवढेच सांगून विषय कामावर आणावा.

ऑफरच्या पत्रात पगारानंतरची पाने सगळ्यात कमी वाचली जातात, आणि तिथेच बाँड (ठरावीक मुदतीआधी सोडल्यास पैसे भरण्याची हमी) व नोटीस असतात. 'नोकरी सोडल्यावर दोन वर्षे स्पर्धक कंपनीत जाणार नाही' यासारखी अट भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ मुळे सामान्यतः टिकत नाही. गोपनीय माहिती न फोडण्याचे बंधन मात्र टिकते. नोकरीच्या मुदतीतले बंधन ही वेगळी गोष्ट आहे. कल्याणच्या टायरकॉर्ड कारखान्यातील एका शिफ्ट सुपरवायझरने १९६३ मध्ये पाच वर्षांचा करार केला होता आणि परदेशी कंपनीकडून आलेल्या तंत्राबाबत गोपनीयता पाळण्याचे मान्य केले होते. तो मध्येच सोडून कोट्याच्या प्रतिस्पर्धी कारखान्यात गेला, तेव्हा कराराच्या उरलेल्या मुदतीपुरती त्याच्यावर घातलेली मनाई सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये कायम ठेवली. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणातही तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट न्यायालयाने वैध ठरवली. सरकारी बँकेला नव्याने भरती करण्यासाठी येणारा खर्च हा त्यामागचा एक विचार होता. यावरून प्रत्येक बाँड वसूल होतोच असे नाही. नुकसानभरपाई वाजवी असली पाहिजे, हे तत्त्व कलम ७४ मध्ये आहेच. परंतु 'बाँडला कायद्यात काही किंमत नसते' असे मित्राने सांगितले म्हणून डोळे मिटून सही करणेही बरोबर नाही. मूळ गुणपत्रिका किंवा पदवी प्रमाणपत्र कंपनीकडे जमा करायला सांगितले तर नकार द्यावा. पडताळणीसाठी दाखवून साक्षांकित प्रती देणे पुरेसे असते.

नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा असेल, तर 'बाय आउट'चे, म्हणजे पैसे भरून नोटिशीचे दिवस कमी करून घेण्याचे वाक्य शब्दशः वाचावे. त्यात 'कंपनीच्या मर्जीनुसार' असे असेल, तर पैसे भरण्याची तयारी असूनही कंपनी सुटका नाकारू शकते. कमी पडलेल्या दिवसांची वसुली मूळ वेतनावर होणार की ग्रॉसवर, हेही त्याच परिच्छेदात असते. आपल्या उदाहरणात दोन महिन्यांची वसुली मूळ वेतनावर ६४,००० आणि ग्रॉसवर सुमारे १,२२,००० होईल.

रुजू झाल्यावर एचआरशी संबंध येतो तो दोन टोकांचा असतो. काहींना ती हक्काने गाऱ्हाणे सांगण्याची जागा वाटते, तर काहींना कंपनीची पोलीस चौकी. दोन्ही समज सोडावेत. तो कंपनीचा विभाग आहे, कंपनीची धोरणे राबवणे आणि कंपनीला कायदेशीर अडचणीतून वाचवणे हे त्याचे काम आहे. त्यामुळे कंपनीकडून नियमाचा भंग होतो आहे हे तारखांसह लेखी मांडले, तर तो विभाग बऱ्याचदा तुमच्या बाजूने हालचाल करतो. कँटीनमध्ये मन मोकळे केले, तर त्याचा उपयोग होत नाही. तोंडी बोलणे झाल्यावर 'आज आपले असे बोलणे झाले, काही चुकले असल्यास कळवावे' असा दोन ओळींचा ईमेल पाठवण्याची सवय फार कामाची आहे. लैंगिक छळाची तक्रार एचआरकडे नव्हे, तर अंतर्गत समितीकडे करायची असते. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा त्याहून अधिक लोक असलेल्या आस्थापनेत ती समिती असावीच लागते, तिच्या अध्यक्षस्थानी वरिष्ठ महिला कर्मचारी आणि सदस्यांत एक बाहेरची व्यक्ती असते, आणि तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची असते. सबळ कारण असल्यास समिती ही मुदत आणखी तीन महिने वाढवू शकते.

सोडण्याची वेळ आली की राजीनामा ईमेलने द्यावा, त्यात शेवटचा दिवस स्पष्ट लिहावा आणि कार्यालयीन ईमेल बंद होण्याआधी सॅलरी स्लिपा, ऑफर व वाढीची पत्रे आणि राजीनामा स्वीकारल्याचे उत्तर स्वतःकडे उतरवून घ्यावे. हिशेब चुकता होण्यासाठी महिना-दीड महिना थांबवण्याची जुनी वहिवाट आहे. वेतन संहितेत मात्र राजीनाम्यानंतरचे वेतन दोन कामाच्या दिवसांत देण्याची तरतूद आहे, आणि ईमेलमध्ये तिचा सौम्य उल्लेख करण्यात गैर काही नाही. वर्षाच्या मध्यात कंपनी बदलली असेल, तर आधीच्या नोकरीतले उत्पन्न आणि कापलेला कर नव्या कंपनीला कळवावा. नाहीतर दोन्ही कंपन्या प्रमाणित वजावट आणि करसवलत वेगवेगळी धरतात आणि जुलैत विवरणपत्र भरताना एकदम मोठी रक्कम भरावी लागते.

पीएफ काढून घेण्याचा मोह टाळून तो नव्या खात्यात वर्ग करावा. पाच वर्षांची सलग सेवा होण्यापूर्वी काढलेली रक्कम सामान्यतः करपात्र ठरते. पैसे वर्ग करताना अडते ते बहुतेक वेळा जुन्या कंपनीने सेवा संपल्याची तारीखच भरलेली नसते म्हणून. तिच्यासाठी जुन्या एचआरला महिनोन्महिने फोन करण्याची गरज नाही. शेवटची वर्गणी जमा झाल्यानंतर दोन महिने उलटले, की सदस्याला यूएएनच्या पोर्टलवर आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी मागवून ती तारीख स्वतःच भरता येते.